त्रेपन्न लिटर

मिस्त्रीच्या मते डिकीत बॉक्स बसवून घ्यायला येणारी माणसं दोनच तऱ्हेची असतात. एक, ज्यांना आपण आल्याची वर्दी अख्ख्या गल्लीला द्यायची असते. दुसरी, ज्यांना आवाज दणदणीत हवा असतो, पण डिकीतली जागा गेल्याचं घरी कळायला नको असतं. पहिला माणूस वॅट विचारतो, दुसरा इंच विचारतो. लिटर कोणी म्हणजे कोणी विचारत नाही, आणि मिस्त्रीचं सगळं काम तर लिटरवर चाललेलं.

तो प्रत्येकाला समजावून सांगायचा. स्पीकर काही स्वतःच्या जोरावर गात नाही, पाठीमागच्या हवेच्या जोरावर गातो. म्हणून बॉक्सच्या पोटात हवा नेमकी हवी. चार लिटर कमी पडली तर तो खोकतो, चार जास्त झाली तर ढेकर देतो. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पुन्हा वॅट विचारायचं.

"या माणसाच्या डोक्यात किती लिटर हवा आहे ते मी लग्नाआधीच मोजून घ्यायला हवं होतं," बायको आतून म्हणायची. बॉक्सवर कारपेट चिकटवायचं काम तिचं. तिच्या हातचा जोड शोधून दाखवणारा अजून भेटला नव्हता, आणि तिच्या बोलण्यातून सुटलेलाही.

वर्कशॉप म्हणजे एका ओळीतल्या सात शटरांपैकी पाचवं. शेजारी टायरवाला, पलीकडे काचवाला. लाकडाचा भुसा आणि डिंकाचा वास हे तिथलं कायमचं हवामान.

एका मंगळवारी दुपारी तिसऱ्या तऱ्हेचा माणूस आला.

जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळ्या गुंड्या लावलेला शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात स्वतःची टेप आणि रबरबँड लावलेली डायरी. गाडी जुनी, पण अशी पुसलेली की बघणाऱ्यालाच आपला हात मळका वाटावा. मागच्या सीटवर त्यांची बायको उशीला टेकून आडवी झाली होती. तिच्या दंडाला कापूस आणि पट्टी होती.

"डिकीच्या मापाचा बॉक्स हवाय," मोजणीसाहेब म्हणाले. "बोट जाईल एवढीसुद्धा फट राहता कामा नये."

"स्पीकर किती इंची?"

"कुठलाही चालेल."

"गाणी कसली ऐकता तुम्ही?"

"मी बातम्या ऐकतो."

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली होती, ती परत कानावर ठेवली. "साहेब, बातम्यांसाठी डिकी भरायची?"

साहेबांनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. मागे आडव्या झालेल्या काकूंच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी बंद पडल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दीड तास जायचं, चार तास मशीनवर, दीड तास परत. अंगात साठलेलं पाणी मशीन काढून घेतं, कधी दोन लिटर, कधी जरा जास्त. प्यायला दिवसाचे दोन पेले, तेही मोजून.

"येताना ती म्हणते, सीटच्या मागे कुणीतरी पाणी पितंय."

"पितंय?"

"घोट घोट. तहानेल्या माणसासारखं. जाताना नाही, येतानाच." साहेबांनी रबरबँड ओढून सोडला. "मेकॅनिक म्हणाला, पेट्रोलची टाकी सीटखाली असते, पेट्रोल हिंदकळतं. टाकी काठोकाठ भरून पाहिली. भाड्याची गाडी करून पाहिली, तर त्याही गाडीत तेच. आता ती गाडीत बसायलाच तयार नाही. मागच्या महिन्यात दोन खेपा चुकल्या. तिसऱ्या दिवशी ओठ निळे पडले, आडवं होता येईना, उशाशी बसून मी तिचा एकेक श्वास मोजत होतो. आज हातापाया पडून आणलंय. परवा ती नाही म्हणाली, तर..."

वाक्य त्यांनी तिथेच ठेवलं. मोजणीचा माणूस, पुढचा खांब कुठे येतो ते त्याला दिसत होतं.

मिस्त्री विचार करणारा माणूस. डिकी म्हणजे रिकामा पिंप, बारीक आवाजही त्यात मोठा होतो, हे त्याला पाठ होतं. पिंप भरून टाका, आवाज मरेल. वर गाण्यांचा मंद घुमारा ठेवला की काकूंचं लक्षही तिकडे राहील. त्याने तसं सांगितलं. साहेबांच्या खांद्यावरून गोणी उतरल्यासारखी झाली.

डिकी मोजणं हे काम वाटतं तेवढं सोपं नसतं. डिकीचं तोंड पोटापेक्षा लहान असतं. चाकांचे उंचवटे दोन्हीकडून कुरतडतात, आणि झाकण बंद होताना बिजागऱ्या खाली येतात. हे विसरून नवखे कारागीर सुंदर बॉक्स बनवतात आणि मग झाकण उघडं ठेवून घरी पाठवतात. मिस्त्री कमरेपर्यंत आत शिरला. सीटच्या पाठीचा उतार घेताना पलीकडून काकूंचा श्वास त्याला ऐकू येत होता. संथ, जरा ओलसर. बिचारीला झोप लागली असेल म्हणून त्याने टेपसुद्धा हळू गुंडाळली.

बाहेर आला तेव्हा काकू वर्कशॉपात स्टुलावर बसल्या होत्या. बायको त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"काकू, कधी उतरलात?"

"तुम्ही आत घुसलात ना, तेव्हाच," काकू म्हणाल्या.

टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा आवाज असणार, मिस्त्रीने ठरवलं. तसा कॉम्प्रेसर बंद होता, पण ठरवायला काय जातं.

त्याने प्लायच्या तुकड्यावर हिशेब मांडला. रुंदी अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर, उंची चौतीस, खोली वर बावीस नि खाली पस्तीस. फळीची जाडी वजा करून आत चौसष्ट लिटर. त्यातून स्पीकरचं पोट तीन, हवेची नळी सहा, आतला आधार दोन. उरले त्रेपन्न.

साहेबांनी चष्मा लावून आकडे तपासले. बरोबर आलेल्या बेरजेने काही माणसांच्या चेहऱ्यावर तेज येतं, तसं त्यांच्या आलं. "त्रेपन्न. हिचं कोरडं वजनही त्रेपन्नच."

"कोरडं?"

"जादाचं पाणी काढल्यावर राहतं ते. म्हणजे जे खरं तिचं, ते."

दोन दिवसांत बॉक्स तयार झाला. पाठवण्याआधी मिस्त्री प्रत्येक बॉक्स थर्माकोलचे दाणे ओतून मोजायचा. नळीला बोळा कोंबायचा, स्पीकरच्या भोकातून पाच लिटरच्या मापाने दाणे ओतायचे, स्पीकरपुरती जागा वर सोडायची. कागद खोटं बोलेल, दाणे नाही बोलणार, असं तो म्हणायचा. दहा मापं आणि वर तीन लिटर. बरोबर त्रेपन्न. दाणे ब्लोअरने ओढून काढले, स्पीकर बसवला, आणि एकट्याने उचलून बॉक्स डिकीत सरकवला. दाराची चौकट बसावी तसा बसला.

साहेबांनी गाडी चौकापर्यंत नेऊन आणली. काकू मागे डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले आणि हसल्या. त्यांना हसताना मिस्त्री पहिल्यांदाच पाहत होता.

"थांबलं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मिस्त्रीचा हात दोन्ही हातांत धरला. दोन दिवस मिस्त्री घरात असा वावरत होता की बायकोला विचारावं लागलं, "साहेब, भाजी वाढू का?"

तीन आठवड्यांनी साहेब परत आले. आनंदात होते. काकू सगळ्या खेपांना निमूट येत होत्या. येताना तर गाढ झोपायच्या.

"फक्त तुमचा बॉक्स खोकायला लागलाय," साहेब म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही, पण तुम्ही म्हणाला होतात म्हणून लक्षात राहिलं."

मिस्त्रीच्या हातून गेलेला बॉक्स आजवर कधी परत आलेला नव्हता. तो वरमला. डिकी उघडून त्याने बॉक्सला हात घातला आणि ओढला, तर जागचा हलेना. अडकला असेल म्हणून कडेने पाहिलं, अडकला नव्हता. शेवटी साहेबांनी दुसरी बाजू धरली. दोघांनी धापा टाकत तो आत आणला.

"ओलं झालं असणार लाकूड," मिस्त्री म्हणाला.

स्पीकर उतरवला. लाकूड कोरडं होतं. बॅटरीच्या उजेडात आत बघितलं, तर चार कोपरे, आधाराची पट्टी, सिलिकॉनची रेघ. हात घालून पलीकडची फळी चाचपली. रिकामं. हवा मात्र कोमट होती, दुपारी बंद ठेवलेल्या खोलीसारखी.

मग त्याने दाणे ओतले. सात मापं गेली. आठव्याचे दाणे भोकातून बाहेर सांडले.

"पस्तीस," बायको म्हणाली. ती मापं मोजत होती. "अहो, माप चुकलं का?"

मिस्त्रीने भोकातून वाकून पाहिलं. दाणे सगळीकडे सारखे पसरले नव्हते. कडेकडेने भोकापर्यंत चढले होते आणि मधे एक खळगा होता. तिथे दाणा टाकला की तो घरंगळून बाजूला जायचा. गुळगुळीत, लांबट खळगा. कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपावं आणि चादरीवर ठसा राहावा तसा. फक्त लहान.

त्याने हात घातला. खळग्यात काही नव्हतं. हात काढल्यावर मनगट पुसावंसं वाटलं.

बाहेर साहेब डायरी उघडून बसले होते. बॉक्स कुठल्या तारखेला बसवला ते बघत होते. डायरीत तीन रकाने होते, मशीनआधीचं वजन, नंतरचं वजन, काढलेलं पाणी. दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक आठ. दोन. दोन पूर्णांक दोन. मिस्त्रीला आकडे दिसले की बेरीज आपोआप व्हायची. बॉक्स बसवल्यापासून नऊ खेपा. अठरा लिटर.

त्रेपन्नातून पस्तीस गेले की अठरा.

त्याने ते कोणाला सांगितलं नाही. दाणे ओढून काढले. ते हाताला गरम लागले. थर्माकोल कधी गरम लागत नाही. स्पीकर परत बसवून त्याने सांगितलं, "नळी सैल झाली होती. अजून तीन आठवड्यांनी एकदा दाखवा."

त्या तीन आठवड्यांत त्याने नवा एकही बॉक्स बंद केला नाही. शेवटची फळी ठोकायची वेळ आली की त्याला दुसरं काहीतरी काम आठवायचं. बायकोने पाच-सहा दिवस पाहिलं आणि विचारलं. मग त्याने सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी साहेब परस्पर हॉस्पिटलमधूनच आले. उन्हं कलायला आली होती. काकू मागच्या सीटवर झोपल्या होत्या. बॉक्स उतरवायला टायरवाल्याला हाक मारावी लागली.

"काय भरलंय काय ह्यात? विटा?" टायरवाला म्हणाला.

"हवा," मिस्त्री म्हणाला.

या वेळी तीन मापं गेली आणि वर दोन लिटर. सतरा. साहेब पाहत होते. त्यांनी न विचारताच डायरी उघडली, बोट रकान्यावरून खाली नेलं आणि थांबले. छत्तीस.

बायकोने पुढे होऊन भोकातून आत पाहिलं. बराच वेळ ती तशीच वाकलेली होती.

"अहो," ती म्हणाली, "आता ओतू नका. तोंडावर पडतंय."

मिस्त्रीने माप खाली ठेवलं. साहेब बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले.

"अजून सतरा राहिले," बायको हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे आठ-नऊ खेपा."

"मग?"

"मग मला काय विचारता? त्रेपन्न कुणाचं वजन आहे?"

मिस्त्री बाहेर गेला. "साहेब, हा बॉक्स काढून टाकू या."

"नाही."

"तुम्ही आकडे पाहिलेत."

"पाहिले." साहेब डायरीला रबरबँड लावत होते. तो दोनदा निसटला. "मिस्त्री, मी उभा जन्म लोकांचे बांध मोजले. एकेका फुटासाठी माणसं कुऱ्हाडी काढायची. एक गोष्ट मला कळली. ज्याला त्याची जागा मिळते, तो गप्प बसतो. तुम्ही जागा दिलीत, ते गप्प बसलं. आता ती काढून घेतली तर ही परवा गाडीत बसणार नाही. आणि नाही बसली तर मी सांगतो, आठ-नऊ खेपा लागणार नाहीत. चार दिवस पुरतील."

हा हिशेबही बरोबर होता. ठेवला तरी काकू जाणार, काढला तरी काकू जाणार.

मिस्त्री वळून आत आला. बॉक्सकडे बघत राहिला. मग त्याला कारागिराची एक पळवाट सुचली. बॉक्स दिसायला हवा, असायला नको. सीटकडची अख्खी फळी काढायची आणि तिथे नुसतं कारपेट ताणून बसवायचं. बाहेरून तसाच. आत मात्र कोंडलेली हवाच नाही, मग लिटर कुठले? जागाच नसली तर कोण काय भरणार?

"आतून जरा दुरुस्त करतो," त्याने बाहेर ओरडून सांगितलं. साहेबांनी मान हलवली.

दाणे ओढून काढले. बायकोने बॉक्स गुडघ्यांनी दाबून धरला. त्याने सीटकडच्या फळीवर करवत चालवली. खालची कड. उजवी कड. वरची.

डावी कड अर्धी कापून झाली आणि फळी आपणच आत झुकली.

बायको एकदम पुढे पडली. तिच्या गुडघ्यांखालचा बॉक्स सरकून भिंतीवर आपटला होता.

मिस्त्रीने तो एका हाताने उचलला. पहिल्या दिवशी होता तेवढाच हलका.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोने पदराने मान पुसली. कोमट वारा आला होता एक, ती म्हणाली. शटरकडे गेला.

भुसा तिथे पडला होता, तो पुसल्यासारखा दोन्हीकडे सरला होता.

तिने तरीही कारपेट ताणून बसवलं. जोड कुठेच दिसत नव्हता. मिस्त्रीने बॉक्स एकट्याने डिकीत सरकवला आणि झाकण लावलं.

काकू जाग्या झाल्या होत्या. उठून बसल्या होत्या. उशी मांडीवर घेऊन दाराच्या अगदी कडेला.

"काकू, ऐकू येतंय काही? मागून?"

त्यांनी कान दिला. नीट, वेळ घेऊन.

"नाही," त्या म्हणाल्या. "मागे आता कुणीच नाही."

"बघा!" साहेबांचे डोळे भरून आले होते. "मिस्त्री, जमवलंत तुम्ही. चला, निघतो. परवा पुन्हा खेप आहे."

ते पुढे बसले. चावी फिरवली. इंजिनाबरोबर टुंग टुंग असा आवाज सुरू झाला.

"काय वाजतंय?" मिस्त्रीने विचारलं.

"पट्ट्याचा इशारा. हिच्यासाठी मागाहून बसवून घेतलाय. मागे कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजतो." साहेब वळले. "अगं, पट्टा लाव ना."

"लावलाय," काकू म्हणाल्या. त्यांचा पट्टा लावलेला होता.

टुंग. टुंग. टुंग.

"जुनी गाडी," साहेब म्हणाले. "काहीतरी बिघडलंय." ते खाली उतरले, पलीकडचं दार उघडलं, आणि रिकाम्या सीटवरून दुसरा पट्टा ओढून त्यांनी खाचेत अडकवला. आवाज थांबला. दार लावून ते पुन्हा पुढे जाऊन बसले.

मिस्त्री खिडकीशी वाकला होता. रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा पाठीला चिकटून सपाट बसतो, हे त्याला माहीत होतं. हा सपाट बसला नव्हता. सीटच्या पाठीपासून वीतभर पुढे, हवेत ताणलेला होता.

काकू आणखी जरा दाराकडे सरकल्या, बाकावर नव्या माणसाला जागा करून द्यावी तशा.

गाडी हलली. काचेतून मिस्त्रीला पट्टा दिसत होता. तो हळूहळू वर यायचा, क्षणभर थांबायचा, आणि खाली जायचा.